'मोठे डॉक्टर कधी येणार?' : अतिदक्षता विभागातील स्त्री-पुरुष समतेविषयी वाचकांचे प्रश्न

अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना मिळणारी वागणूक हा विषय गेल्या अंकात वाचकांसमोर ठेवला होता. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली असून ती आम्ही पाळली आहे. रुग्णालयांची नावेही वगळली आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात वीसहून अधिक वर्षे अतिदक्षता विभागात काम केलेल्या आमच्या स्तंभलेखिका निवडक पत्रांना उत्तरे देत आहेत.

प्रश्न : मी मेडिसिनमध्ये एम.डी. केले असून एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत काम करते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) एक रुग्ण मध्यरात्री अत्यवस्थ झाला. मी श्वासनलिकेत नळी टाकून त्याला व्हेंटिलेटरवर घेतले आणि बाहेर येऊन त्याच्या मुलाला सर्व समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ठीक आहे सिस्टर, पण मोठे डॉक्टर कधी येणार?" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, महिन्यापूर्वीच रुजू झालेल्या ब्रदरला, म्हणजे पुरुष परिचारकाला, मात्र तो 'डॉक्टरसाहेब' म्हणत होता. हे हसून सोडून द्यावे काय? (चिपळूण)

उत्तर : हसून सोडून देण्याची सवय मलाही होती. मात्र या गैरसमजाची किंमत आपल्या मानापेक्षा रुग्णाला अधिक मोजावी लागते, हे ध्यानात आल्यावर मी ती सोडली. लघवी बंद झालेल्या रुग्णाला डायलिसिससाठी मानेच्या शिरेत कॅथेटर टाकायचा म्हणून आपण संमतिपत्र पुढे करतो, आणि नातेवाईक 'साहेब आले की सही करतो' असे म्हणून बाकावर जाऊन बसतात. साहेब ओपीडी उरकून येईपर्यंत तास-दीड तास सहज जातो. आपल्याकडे हा गेलेला तास भरून काढायला दुसरी वाटही नसते, कारण रुग्णाला पुढे पाठवायचे तर कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूर गाठायचे, नाहीतर महामार्गाने मुंबई, सिंधुदुर्गातल्यांनी गोव्यातले बांबोळीचे सरकारी रुग्णालय. आणि पावसात घाटात दरड आली की तोही भरवसा उरत नाही.

तेव्हा ओळख आपणच, पहिल्या वाक्यात आणि पूर्ण करून द्यावी : "मी डॉक्टर अमुक. आज रात्री या विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तुमच्या वडिलांना नळी मीच टाकली आहे." शेवटचे वाक्य उच्चारताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ते उच्चारावे, कारण बंद दारामागे आपल्या माणसाच्या अंगाला कोणी हात लावला, हे बाहेर बसलेल्या मुलाला कळलेच पाहिजे. ओळखपत्राकडेही एकदा पाहावे. बहुतेक रुग्णालयांत ते इंग्रजीत आणि नखाएवढ्या अक्षरांत छापलेले असते, आणि निम्मा वेळ उलटे लोंबत असते. मी शेवटची काही वर्षे ॲप्रनच्या खिशावर देवनागरीत ठळक 'डॉक्टर' असे शिवून घेतले होते. शिंप्याने त्याचे चाळीस रुपये घेतले, आणि माझ्या नोकरीतील इतका उपयोगी पडलेला दुसरा खर्च मला आठवत नाही.

अर्थात सगळे ओझे तुम्हीच का उचलावे? यातला मोठा वाटा वरिष्ठांचा आहे. सकाळी राउंडला आलेले वरिष्ठ, तुम्ही रात्री सांगितलेलेच सारे नातेवाइकांना पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले, की रात्रीचे बोलणे आपोआप कच्चे ठरते. आमच्या विभागात आम्ही एक नियम केला होता. ज्याने किंवा जिने उपचार केले, त्यानेच नातेवाइकांशी बोलायचे; वरिष्ठांनी सोबत उभे राहायचे आणि "डॉक्टरांनी सांगितले तेच माझेही मत आहे" एवढेच म्हणायचे. नियम रुळायला वर्ष लागले, कारण ते एवढेसे वाक्य बोलणे काही वरिष्ठांना फार जड जात होते.

जाता जाता एक गोष्ट तुम्हालाही सांगते. 'सिस्टर' ही शिवी नव्हे. क्रिमियन युद्धात अत्यवस्थ सैनिकांना परिचारिकांच्या नजरेसमोर एकत्र ठेवण्याची पद्धत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाशी जोडली जाते. पुढे १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने हाताने फुगा दाबून तासन्तास श्वास देण्याची व्यवस्था उभी केली, आणि तिच्यातून आजचा आयसीयू निघाला. यंत्रे मागाहून आली. आधी होते ते खाटेशेजारी रात्रभर जागे असलेले माणूस. ते जागे राहणे आज मुख्यतः सिस्टरच्या वाट्याला आहे. तुम्हाला सिस्टर म्हटल्याचा राग येत असेल, तर तो चुकीच्या ओळखीचा असावा, त्या पदाचा नसावा.

प्रश्न : मी निवृत्त डॉक्टर आहे. नर्सिंगमध्ये मुलीच अधिक आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही मुली मुलांच्या बरोबरीला आल्या आहेत. मग विषमता राहिली कुठे? (अलिबाग)

उत्तर : डोकी मोजली तर राहिली नाही, हे खरे. आता खुर्च्या मोजून पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांत स्त्रिया सुमारे ७० टक्के आहेत, परंतु वरिष्ठ पदांवर त्या २५ टक्केच आहेत. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत, वय, शिक्षण आणि कामाचे तास जमेस धरूनही आरोग्यक्षेत्रातील स्त्रियांची कमाई पुरुषांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळली. हे आकडे साऱ्या जगाचे आहेत. आपल्या जिल्ह्यापुरते पाहायचे असेल, तर ओळखीच्या चार रुग्णालयांत आयसीयूचे प्रमुख कोण आहेत आणि व्हेंटिलेटर कोणत्या कंपनीचा घ्यावा हे ठरवणाऱ्या बैठकीत कोण बसते, एवढे विचारून पाहावे. यंत्राचा गजर रात्री बारा वेळा बंद करणारी सिस्टर त्या बैठकीत मला क्वचितच दिसली.

तुमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण देते. महाडमध्ये विंचूदंशावर जे काम झाले, ते कोकणातील अतिदक्षता उपचारांचा मानबिंदू आहे. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी साचते आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावतो. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध गुणकारी ठरते, हे तिथे सिद्ध झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, ती सर्वस्वी योग्यच होती. परंतु २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला, प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र देण्यासंबंधीचा शोधनिबंध उघडून पाहा. त्यावर दोन नावे आहेत, आणि दुसरे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे आहे. महाडबाहेरच्या किती वाचकांना ते नाव ठाऊक आहे? या दाम्पत्यापैकी कोणी काही लपवलेले नाही, दोन्ही नावे छापील आहेत. आपल्याला पहिल्याच नावापाशी थांबायची सवय झाली आहे, एवढेच.

प्रश्न : आमचे विश्वस्त मंडळ तीस खाटांचे रुग्णालय चालवते. कोलकात्याच्या घटनेनंतर आम्ही आयसीयूत स्त्री-डॉक्टरांना रात्रपाळी देणे बंद केले. मुलींच्या काळजीपोटीच हा निर्णय घेतला, तरी दोन स्त्री-डॉक्टर नाराज आहेत आणि पुरुष डॉक्टरही कुरकुर करतात. आमचे काय चुकले? (रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु निर्णय चुकला आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकला आहे.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यातील सरकारी रुग्णालयात ज्या तरुण डॉक्टरचा बलात्कार करून खून झाला, ती सलग ३६ तासांच्या ड्यूटीत थोडी विश्रांती घेण्यासाठी सेमिनारच्या खोलीत गेली होती, कारण तिला हक्काने पाठ टेकता येईल अशी जागा नव्हती. हे तपशील नीट वाचले, तर दोष रात्रीचा होता की खोलीचा, असा प्रश्न पडतो. त्यानंतर पश्चिम बंगाल सरकारने स्त्रियांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये अशी सूचना काढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर आक्षेप घेतला. स्त्रियांना रात्री काम करू नका असे सांगता येणार नाही, त्यांना सुरक्षितता देणे हे सरकारचे काम आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. न्यायालयाने आधीच नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाकडेही विश्रांतीच्या स्वतंत्र खोल्या, येण्याजाण्याची सोय आणि प्रवेशावरील नियंत्रण हेच विषय सोपवले होते. म्हणजे स्त्रियांना सवलत द्या असे न्यायालयाने म्हटलेले नाही. सोय करा असे म्हटले आहे, आणि सोयीला पैसे पडतात म्हणून आपण सवलत देऊन मोकळे होतो.

रात्र काढून घेतल्याने काय जाते, हे विभागाबाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आयसीयूत शिकण्यासारखे बहुतेक काही रात्रीच घडते. दिवसा वरिष्ठ हजर असतात आणि अवघड नळी तेच टाकतात. रात्री तीन वाजता रक्तदाब कोसळला, तर निर्णय जो तिथे असेल त्याला घ्यावा लागतो आणि हात त्यातूनच तयार होतो. ज्या डॉक्टरला दोन वर्षे रात्र दिली नाही, तिला तिसऱ्या वर्षी प्रमुख करताना तुम्हीच म्हणाल की अनुभव कमी पडतो. इकडे त्या रात्री पुरुष डॉक्टरांच्या माथी बसतात. त्यांच्याही घरी लहान मुले आणि आजारी आईवडील असतात, आणि झोप न मिळालेल्या माणसाच्या हातून औषधाची मात्रा चुकते, मग तो पुरुष असो की स्त्री.

आता रुग्णालयात जाऊन ड्यूटी-रूम स्वतः पाहा. माझ्या उमेदवारीच्या काळातली खोली मला आजही डोळ्यांसमोर दिसते. सलाइनच्या खोक्यांची ती अडगळ होती. भिंतीला ओल, खाट एक, तीही पुरुष डॉक्टरांबरोबर आळीपाळीने वापरायची, आणि दाराची कडी तुटलेली. आम्ही मुली वापरून झालेल्या सलाइनच्या नळीने दार आतून खिळ्याला बांधत असू आणि एक डोळा उघडा ठेवून पडत असू. कडी बसवून द्या म्हणून तीन अर्ज केले. चौथ्या वेळी आम्हीच वर्गणी काढून बाजारातून कडी आणली. तुमच्याकडे स्त्रियांसाठी वेगळी खोली, आतून लागणारी कडी, जवळ स्वच्छतागृह आणि तिथपर्यंतच्या जिन्यात दिवा आहे का? रात्री नऊला बदलणाऱ्या पाळीतील सिस्टर घरी कशी जाते? शेवटची एस.टी. तोवर गेलेली असते, रिक्षावाला पावसात वाडीच्या आत यायला तयार नसतो, आणि उरलेला रस्ता ती मोबाईलच्या उजेडात चालते. पाळीची वेळ एस.टी.च्या वेळापत्रकाशी अर्ध्या तासाने जुळवून घेणे हा फुकटचा उपाय आहे, आणि तरीही तो फारसा कोणी करत नाही.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ स्त्री-कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री-सदस्य आणि एक बाहेरची व्यक्ती असावी लागते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. तुमच्या समितीचा फलक लिफ्टजवळ असेलच. प्रश्न एवढाच आहे की रात्रपाळीतील मावशींना आणि कंत्राटावरील सिस्टरना तो आपल्यासाठीही आहे हे ठाऊक आहे का. शिवाय नातेवाइकांकडून मारहाण झाल्यास राज्याचा २०१० चा कायदा आहे, त्याखालील गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि फिर्याद संस्थेने पुढे होऊन द्यावी. त्या रात्री मार खाल्लेल्या डॉक्टरला एकटीला पोलीस ठाण्यात पाठवू नये.

प्रश्न : मी जी.एन.एम. (परिचर्येची पदविका) झालेली सिस्टर असून तीन वर्षे कंत्राटावर आयसीयूत काम करते. पाचवा महिना आहे. "राजीनामा दे, बाळंतपण झाल्यावर पुन्हा घेऊ" असे सांगण्यात आले आहे. (कुडाळ)

उत्तर : राजीनामा लिहून देऊ नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिलेला आणि २०१७ च्या दुरुस्तीने वाढवलेला हा हक्क सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवलेला आहे. या काळात गर्भारपणामुळे कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. कंत्राटाची सबबही टिकत नाही : दिल्लीतील एका कंत्राटी स्त्री-डॉक्टरच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले, की हा लाभ कंत्राटाची मुदत संपल्यानंतरही चालू राहू शकतो. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नकार मिळाल्यास जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाकडे जा. मात्र राजीनाम्यावर सही झाली, की कायद्याचे हात बरेचसे बांधले जातात.

विभागातही दोन गोष्टी मागून घ्या. खाटेजवळ एक्स-रे काढताना तंत्रज्ञ हाक देईल आणि तुम्ही किमान दोन मीटर दूर व्हाल, हे पाळीतील सर्वांना सांगून ठेवा. आणि रुग्णाला कूस वळवणे, वर सरकवणे ही कामे तुमच्याकडे एकटीकडे नकोत. सहकारिणी कुरकुरतील. त्यांच्यावर रागावू नका. तुमच्या जागी कोणीच न दिल्याने तुमचे काम त्यांच्यावर पडते, आणि ही चूक व्यवस्थापनाची आहे.

प्रश्न : मी पुरुष परिचारक आहे. माझ्या नेमणूकपत्रावर पद 'परिचारिका' असे छापले आहे, त्यावर सगळे हसतात. जड रुग्ण उचलायला ब्रदर, दारू उतरताना बेभान झालेल्या रुग्णाला आवरायला ब्रदर, आणि गणपतीत सलग ड्यूटीही ब्रदरलाच. स्त्री-रुग्णाजवळ मात्र जाऊ देत नाहीत. समता म्हणतात ती आमच्यासाठी नाही काय? (खेड)

उत्तर : आहे, आणि तुमचे पत्र मला या गठ्ठ्यातील सर्वांत महत्त्वाचे वाटले. ज्या समजुतीने स्त्री-डॉक्टरला सिस्टर केले, त्याच समजुतीने तुम्हाला हमाल केले : सेवा बाईने करायची आणि ताकद पुरुषाने लावायची. एम्स संस्थांनी २०१९ मध्ये परिचर्येच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या, तेव्हाही पुरुष परिचारकांनी हाच प्रश्न विचारला होता.

नव्वद किलोचा रुग्ण ताकदीने उचलायचाच नसतो. सरकवण्याची चादर घालून, खाट कमरेच्या उंचीवर आणून, चार जणांनी एका आवाजावर हलवायचा असतो, आणि ते स्त्रियांनाही उत्तम जमते. ब्रदरला हाक मारली की चादर शोधायचे श्रम वाचतात, म्हणून चादर कपाटातच राहते आणि चाळिशीच्या आत तुमच्या कमरेचा मणका सरकतो. स्त्री-रुग्णांच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. स्पंजिंग किंवा लघवीची नळी यांसाठी रुग्ण शुद्धीवर असल्यास तिची इच्छा विचारावी, नसल्यास सोबत स्त्री-सहकारी असावी. पुरुष-रुग्णालाही हाच नियम लावावा, कारण लाज त्यालाही असते. परंतु व्हेंटिलेटर, औषधांचे पंप, रक्तवायूंची तपासणी यांत रुग्ण स्त्री आहे म्हणून तुम्हाला दूर ठेवणे हे तुमचे शिक्षण कमी करणे आहे.

गणपतीविषयी विभागप्रमुखांना एक सुचवते. कोकणात त्या दिवसांत सर्वांनाच घरी जायचे असते, नव्या नवरीला ओवशासाठी (गौरीला सूप वाहण्याच्या विधीसाठी) सासरी हजर राहावे लागते, आणि मग यादी करताना लग्न न झालेल्या मुली आणि ब्रदर यांची नावे आधी लिहिली जातात. आम्ही मे महिन्यात चिठ्ठ्या टाकत असू, गेल्या वर्षी ड्यूटी केलेल्यांना वगळून, आणि यादी लगेच फळ्यावर लावत असू. भांडणे थांबली नाहीत, पण ती मेमध्येच होऊन जात.

प्रश्न : मुलगी भूलशास्त्रात एम.डी. झाली आहे, तिला पुढे क्रिटिकल केअर करायचे आहे. स्थळे येतात, पण आयसीयू म्हटल्यावर पाय मागे घेतात. बाप म्हणून काय करावे? (दापोली)

उत्तर : तिच्यापुढे दोन वाटा आहेत : तीन वर्षांचा डी.एम. किंवा डीआरएनबी हा अतिविशेषोपचार अभ्यासक्रम, अथवा १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनचा एक वर्षाचा डिप्लोमा. पुढे कोकणात परतण्याचा विचार असेल तर पहिली वाट धरावी, कारण लहान गावात पदवी भक्कम असली की 'मोठे डॉक्टर' कोण, हा प्रश्न निदान कागदावर तरी मिटतो. नोकरी घेताना पगाराआधी तिने महिन्यातील रात्रींची संख्या विचारावी, ती पुरुष सहकाऱ्यांइतकीच आहे का ते पाहावे, आणि ड्यूटी-रूम बघितल्याशिवाय होकार देऊ नये.

स्थळांचे म्हणाल, तर आयसीयू ऐकून जे मागे फिरतात ते आधीच फिरले हे बरे झाले. महिन्यातल्या सहा-सात रात्री घरी एकट्याने भात लावता न येणारा जावई तुम्हाला नंतर अधिक महाग पडला असता. आणि तिच्या पहिल्या रात्रपाळीला डबा दोन माणसांचा द्या. सोबतच्या सिस्टरचे जेवण त्या वेळेपर्यंत हमखास राहिलेले असते.